प्रमाण हात

माझा उजवा हात राज्यातल्या एकतीस हजार नर्सांनी घातलेला आहे. ही बढाई नाही. निरीक्षणालयाच्या वार्षिक अहवालातला आकडा आहे, पान नऊ.

राज्य परिचर्या व प्रसूतिसेवा निरीक्षणालय. नाव एवढं लांब की ते उच्चारेपर्यंत तिसऱ्या खेपेची बाळंतीण मोकळी व्हावी. आम्ही नर्सांची नोंदणी ठेवतो, दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करतो आणि जिचं काम बरोबर नाही तिचं नाव काढतो. नाव निघालं की त्या बाईनं बाळंतपणाला हात लावायचा नाही. लावला तर गुन्हा. पूर्वी हे सगळं कागदावर चालायचं. आयुष्यात एका बाळाचं डोकं हाताला न लागता मुली प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायच्या. कॉलेजवाले न झालेल्या बाळंतपणांच्या वह्या भरून द्यायचे आणि आमचं ऑफिस त्यांच्यावर शिक्के मारायचं. मग २०३१ साली मोजा आला.

मोजा खरंच भारी होता. त्याला मी शिव्या देणार नाही. आमच्या कामातलं ज्ञान हातात असतं, ते तोंडानं सांगता येत नाही. पोटावर हात ठेवला की बाळाची पाठ कुठं, डोकं कुठं, वार पडल्यावर गर्भाची पिशवी आवळतेय की सैल पडलीय, हे हाताला कळतं. कळायला दहा-बारा वर्षं लागतात. मोजा ऑपरेशनच्या हातमोज्याइतकाच पातळ, पण त्यात सहाशे बारा ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका दोन कामं करायचा. अनुभवी नर्सनं मोजा घालून काम केलं की कुठल्या बोटानं, कुठल्या क्षणी, किती दाब दिला ते तो टिपायचा. शिकाऊ मुलीनं घातला की ठिपके उलटे चालायचे. आतून फुगून तिचं बोट योग्य जागी ढकलायचे, चुकलं की टोचायचे, बरोबर बसलं की गप्प. रबरी पोटावर सहा आठवडे असा सराव केला की हात आपोआप त्या अनुभवी हातासारखा चालायला लागायचा. बारा वर्षांचं काम सहा आठवड्यांत.

फक्त, नक्कल करायला मूळ एक हात लागतो. तो माझा घेतला. दैवशाला घुले, अधिपरिचारिका, तेव्हा वय एकेचाळीस. मोठ्या इस्पितळात चार दिवस मोजा घालून मी अठरा बाळंतपणं केली आणि तो झाला 'प्रमाण हात'. त्यानंतर राज्यातल्या प्रत्येक नर्सच्या हाताची त्याच्याशी तुलना, आधी नव्या मुलींची, मग गेल्या पाच वर्षांत जुन्यांचीही. शंभरात पंच्याऐंशी जुळला तर नोंदणी चालू, नाहीतर बंद. माझ्या हाताची सिलिकॉनची प्रतिकृती ऑफिसच्या दारात काचेच्या पेटीत बसवली. मंत्री तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. मला बढती मिळाली, शहर मिळालं, टेबल मिळालं.

त्या दिवसापासून बारा वर्षांत मी एकही बाळंतपण केलेलं नाही. हे वाक्य नीट वाचा. पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच निघतो.

यंदा मार्चमध्ये माझ्या टेबलावर नाव काढण्यासाठी एक फाइल आली. शमशाद पठाण, वय चोपन्न, उपकेंद्र पिंपळदरा. तीन चाचण्या, तिन्हीत नापास. एकसष्ट, साठ, एकसष्ट. शेरा होता, 'पिशवी चोळताना तळहाताच्या करंगळीकडील कडेचा दाब अतिरिक्त. सुधारणेस नकार.'

शमशाद आणि मी नर्सिंगच्या हॉस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत काढलेली. पहिलं बाळंतपण बघताना मी चक्कर येऊन पडले, तेव्हा तिनं एका हातानं मला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात तिच्याकडं हत्यारांचा ट्रे होता. दोन्हींतलं काही पडू दिलं नाही.

संचालक नचिकेत सबनीस म्हणाले, "मॅडम, अंतिम सुनावणीला तुम्हीच जा. जुन्या हातांना वळण लागत नाही. सौम्यपणे सांगा." सबनीस सॉफ्टवेअरमधून आलेले. बाळंतपण त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेलं, तेही स्वतःचा जन्म झाला तेव्हा. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यात त्या दिवसांत दुसराच ताप होता. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव राज्यात सहा वर्षं हळूहळू वाढत चालला होता. लोहाच्या गोळ्या वाढवल्या, इंजेक्शन बदललं, आकडा खाली येईना. गंमत म्हणजे जिथं मोज्याआधीच्या जुन्या नर्सा होत्या तिथं आकडा कमी होता. आमच्या समितीनं यावर दोन बैठका घेतल्या आणि निष्कर्ष काढला की जुन्या नर्सा रक्तस्राव लपवतात. त्या निष्कर्षावर माझी सही आहे.

पिंपळदरा बालाघाटच्या डोंगरावर. उपकेंद्राच्या ओट्यावर शमशाद उभीच होती.

"या मॅडम," ती म्हणाली. "पाटीवरचं नाव पुसायला आलात? रंगाचा डबा काढूनच ठेवलाय."

"शमे, टोचून बोलू नको."

"टोचतो तो तुझा मोजा. मी कुठं टोचते?"

आत तेजस्विनी होती, उपकेंद्राची आरोग्य अधिकारी, मूळची नर्सच, सव्वीस वर्षांची. मोज्यावर शिकलेली, अठ्ठ्याण्णव गुणांची. मला बघून ती इतकी हरखली की तिनं आधी माझ्या हाताकडं पाहिलं आणि मग तोंडाकडं. पलीकडच्या खोलीत आरोही नावाची दुसऱ्या खेपेची पोर सकाळपासून कळा देत होती. तिची सासू दारात बसून सगळ्यांना सूचना देत होती.

मी रबरी पोट मांडलं. शमशादनं मोजा चढवला, चोळलं. पडद्यावर आकडा आला. एकसष्ट.

"आता?" तिनं विचारलं.

मी दार लोटून घेतलं. "हे बघ, पाच मिनिटं माझ्यासारखं कर. पंच्याऐंशी पडले की मी सही करते अन् जाते. पुढं तुला करायचं तसं कर, कोण बघायला येतंय?"

"तुझ्यासारखं म्हंजी कसं?"

मला सांगता येईना. माझा हात कसा चालतो ते मला कुठं माहीत होतं?

"तुलाबी माहीत नाही," शमशाद म्हणाली. "अन् माहीत असतं तरी मी केलं नसतं. नाटकाची हाताला सवय लागती, दैवे. उद्या खरं पोट पुढं आलं की हात तिथंबी नाटकच करंल. हाताला कुठं कळतंय, परीक्षा कोणची अन् बाई कोणची?"

"मग नोंदणी जाईल तुझी."

"जाऊ दे. शेळ्या पाळीन. त्यांच्या बाळंतपणाला तुमचं ऑफिस येत नाही अजून."

मी फाइल उघडली. चिडले होते, तिच्यावर आणि स्वतःवरही. 'सुनावणी पूर्ण. नाव स्थगित' एवढं लिहिलं. खालची सही व्हायची होती तेवढ्यात तेजस्विनीनं हाक मारली. आरोहीचं डोकं दिसायला लागलं होतं.

स्थगित बाईनं खोलीत येऊ नये असा नियम नाही, हात लावू नये असा आहे. शमशाद भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. मी दाराशी. तेजस्विनीनं मोजा घातलेला, पडदा टेबलावर. पोरगी काम छान करत होती, मान्य करते. साडेतीनला मुलगी झाली, रडली. इंजेक्शन वेळेवर दिलं, वार नीट पडली, तपासली. मग पिशवी आवळून रक्त थांबावं म्हणून पोटावर हात ठेवून तिनं ती चोळायला घेतली. पडद्यावर हिरवा आकडा, अठ्ठ्याण्णव.

रक्त थांबेना.

आम्हाला शिकवलेलं असतं, पिशवी गालासारखी मऊ लागली तर धोका, कपाळासारखी घट्ट झाली तर सुटलो. "गालच लागतोय," तेजस्विनी म्हणाली. एक पॅड भिजलं, दुसरं भिजलं. तिनं दुसरं इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्सला कळवलं. ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटांवर. ती चोळत राहिली. आकडा नव्व्याण्णव झाला. आरोहीचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि पडदा हिरवागार.

"मॅडम," शमशाद भिंतीजवळूनच म्हणाली. आवाज एकदम सरकारी. "परवानगी आहे का?"

दारातली सासू माझ्याकडं बघायला लागली. माझ्या हातात फाइल होती.

"शमे, घाल हात!"

"सरक गं," तिनं तेजस्विनीला बाजूला केलं. साधा हातमोजा चढवला आणि तळहाताची कड, करंगळीची बाजू, बेंबीच्या वर पोटात खोल बुडवली. खोल, मागनं. पिशवीला जणू मागून वाटीत धरावं तशी. आणि मग चोळायला लागली. तोंडानं आरोहीशी बोलणं चालूच, "बाई, डोळे उघडे ठेव. पोरीचं नाव काय ठेवणार? सासूला विचारून ठेवणार का तुझं तू ठेवणार?" मिनिट गेलं. दीड मिनिट. "आलं कपाळ," शमशाद म्हणाली.

रक्त ओसरलं.

"माझं मी ठेवणार," आरोही पडल्यापडल्या पुटपुटली. सासूनं तोंड वाकडं केलं, तेव्हा मला पहिल्यांदा श्वास आला.

तेजस्विनी कोपऱ्यात रडत होती. मोजा अजून हातातच, आणि तो हात तिनं छातीशी धरलेला. मी तिला समजवायला गेले आणि तिथंच थबकले. तिची करंगळी वर होती. बशीतला चहा पिताना काही बायका उचलतात तशी, कडक, ताठ.

"करंगळी वर का धरतेस?"

ती गोंधळली. "तशीच असते ना, मॅडम? पिशवी चोळताना करंगळी टेकवली की मोजा टोचतो. आम्हा सगळ्यांची वरच असते. बॅचमधल्या चाळीसही जणींची." मग हळूच, जणू मला विसर पडलाय म्हणून, "तुमचाच हात आहे ना."

मी माझा उजवा हात उलटा केला. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या कडेवर, बोटभर लांबीचा पांढरा व्रण आहे. इंजेक्शनची बाटली फोडली की काचेचं तोंड टेबलावरच राहतं आणि गडबडीत आम्ही सगळ्या नर्सा तो कचरा हाताच्या कडेनं ट्रेमध्ये लोटतो. लोटू नये म्हणून भिंतीवर लिहिलेलं असतं. तरी लोटतो. मोज्यात माझ्या हाताची नोंद घ्यायच्या आदल्या दिवशी मी तसंच लोटलं आणि काच घुसली. तीन टाके. सांगितलं असतं तर दुसरीचा हात घेतला असता, आणि मला शहर पाहिजे होतं. म्हणून पातळ पट्टी लावून त्यावर मोजा चढवला आणि दुखतंय म्हणून चार दिवस करंगळी उचलून, कड न टेकवता काम केलं. ठणकणारी कड वाचवायला बाकीची बोटं जास्त दाबली, वर इस्पितळात इंजेक्शनं होती, डॉक्टर होते, चढवायला रक्त होतं. माझ्या अठराही बायका सुखरूप घरी गेल्या.

यंत्राला जखम कळत नाही, शून्य कळतं. कडेवर शून्य दाब म्हणजे तिथं टेकवायचं नाही, असा त्यानं अर्थ घेतला. आणि एकतीस हजार निरोगी करंगळ्यांना टोचून टोचून वर उचलायला लावलं.

ॲम्ब्युलन्स आली, आरोहीला तालुक्याला नेलं. ओट्यावर बसून मी शमशादला सगळं सांगितलं. ती आधी हसली. पोट धरून हसली. "म्हंजी हात तुझा कापला अन् बडतर्फ मी?" मग हसणं थांबलं. "किती बायका गं, दैवे?"

"बहुतेक वाचल्या. वेळेवर पोचवल्या, रक्त दिलं."

"बहुतेक."

"सगळ्या नाही."

तिनं पाटीसाठी काढलेला रंगाचा डबा पायानं दूर सारला. मग म्हणाली, "मी दोनदा अर्ज केला होता. करंगळी का उचलायची ते सांगा म्हणून. उत्तर आलं, प्रमाणानुसार."

ते उत्तर माझंच. असे त्रेचाळीस अर्ज ऑफिसात पडले होते, 'प्रशिक्षणास विरोध' या फाइलमध्ये. बारा वर्षं मी रोज काचेच्या पेटीसमोरून आत गेले. तिच्यातल्या हाताचीसुद्धा करंगळी वर आहे. आम्ही सगळे तिला डौल समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सबनीसांसमोर बसले. व्रण दाखवला, अर्ज दाखवले, रक्तस्रावाचा नकाशा आणि मोज्यावर शिकलेल्या नर्सांचा नकाशा एकावर एक ठेवून दाखवले. ते हुशार आहेत, त्यांना दोन मिनिटांत कळलं. पांढरे पडले.

"तुमच्या मैत्रिणीला वैयक्तिक सूट देऊ," ते म्हणाले. "आजच."

"आणि बाकीच्यांना?"

"पुढच्या आवृत्तीत सुधारू. गाजावाजा न करता. दीड-दोन वर्षांत."

"दीड-दोन वर्षांत किती बाळंतपणं होतात, साहेब? तुमच्याकडं आकडा असेल."

"मॅडम, एकतीस हजार नर्सांचं शिक्षण चुकलं असं जाहीर करायचं? लोकांचा विश्वास जाईल. आणि तुम्ही तीन महिन्यांनी निबंधक होताय. पहिलं बोट तुमच्याकडं दाखवतील."

"दाखवू द्या. नर्सांची करंगळी तरी खाली येईल."

ते हसले नाहीत. म्हणाले, "थांबवायचा अधिकार मंडळाला आहे. मंडळाची बैठक सप्टेंबरमध्ये."

खुर्चीतल्या लोकांचं हे मला नेहमी नवल वाटतं. बाई रक्तात पडलेली असते आणि यांची बैठक सप्टेंबरमध्ये असते. मीही त्याच खुर्चीत बारा वर्षं बसले होते, म्हणून शिवी गिळली आणि माझ्या टेबलावर जाऊन शरीरनोंद कायदा काढला. आमच्याच कायदेवाल्यांनी मोठ्या हौसेनं त्यात कलम घातलं होतं. ज्या व्यक्तीच्या शरीराची नोंद यंत्रात घेतली आहे, ती व्यक्ती कारण न देता, केव्हाही, संमती काढून घेऊ शकते. अठ्ठेचाळीस तासांत नोंद सर्व यंत्रांतून पुसली गेली पाहिजे. हे कलम कुणी वापरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. अर्ज एका पानाचा आहे.

मी लिहिलं, 'माझा हात मी परत घेत आहे.' सही केली, आवक क्लार्ककडून पोच घेतली आणि त्याच दिवशी कारण सगळ्या जिल्ह्यांना कळवलं. आडपडदा न ठेवता. काच, टाके, करंगळी, माझं नाव.

दोन दिवसांनी एकतीस हजार मोजे मुके झाले.

गोंधळ झाला. टीव्हीवर आठवडाभर माझा व्रण मोठा करून दाखवत होते. एका वाहिनीनं तर त्याच्यावर गोल काढून पार्श्वसंगीत लावलं. बाळं मात्र थांबली नाहीत, ती मोज्याला विचारून येत नाहीत. नाइलाजानं सबनीसांनी जुन्या नर्सांना बोलावलं, ज्यांची नावं आम्ही काढली होती त्यांनाही. अकराशे जणी आल्या. काही शिव्या घालत आल्या, पण आल्या. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात बसून मुलींच्या हातावर हात ठेवून शिकवलं. तेजस्विनी शमशादला म्हणाली, "सिस्टर, करंगळी टेकवली की अजून टोचल्यासारखं होतं, मोजा नसतानाही." शमशादनं तिची करंगळी स्वतःच्या करंगळीखाली दाबून धरली, आठवडाभर, प्रत्येक बाळंतपणात. नोव्हेंबरपर्यंत राज्याचा आकडा निम्म्यानं खाली आला.

मोजा परत आलाय, हे सांगायला हवं. पण आता त्याच्यात एक हात नाही, चारशे हात आहेत. त्यांच्यात फरक आहेत आणि ते फरक तसेच ठेवलेत. मोजा टोचत नाही, फक्त दाखवतो की अमकी असं करते, तमकी तसं करते. आणि नोंदणी ठरवायला यंत्राचा आकडा चालत नाही. अनुभवी नर्स शेजारी उभी राहून बघते आणि लिहिते. हा नियम सबनीसांनी स्वतः मंडळापुढं मांडला. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

माझी चौकशी झाली. जखम लपवल्याबद्दल ठपका आला, तो बरोबरच आहे. निबंधकपद गेलं. मी म्हटलं, मला उपकेंद्रावर पाठवा. तर आमच्याच ऑफिसनं कळवलं की बारा वर्षं काम न केल्यामुळं माझीच नोंदणी चालू नाही, नव्यानं चाचणी द्यावी. विभागातल्या परीक्षक, श्रीमती शमशाद पठाण.

जानेवारीत पिंपळदऱ्याला गेले. चार दिवसांत दोन बाळंतपणं आली. शमशाद शेजारी उभी, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात फॉर्म, एक शब्द बोलायची नाही. दोन्ही बायका सुखरूप, दोन्ही बाळं ठणठणीत. मला वाटलं, छानच झालं. ओट्यावर बसून तिनं फॉर्म भरला आणि माझ्यापुढं सरकवला.

'हात मऊ पडले आहेत. घाई करते. अपात्र. आणखी दहा प्रसूती देखरेखीखाली कराव्यात.'

"शमे!"

"मॅडम म्हणा. परीक्षक आहे मी."

"अगं, एका खोलीत राहिलोय आपण!"

"म्हणून तर दहा लिहिलं. दुसरीला वीस लिहिलं असतं."

मी तो कागद दोनदा वाचला. आयुष्यात मला बरीच प्रमाणपत्रं मिळाली आहेत, पण कुणी एवढं नीट बघून काही लिहिलेलं नव्हतं. रागच येईना. उलट इतकं बरं वाटलं की मी हसायला लागले, आणि मला हसताना बघून तीही.

तेवढ्यात खालच्या वस्तीवरून जीप आली. आतून कण्हण्याचा आवाज, मागं दोन बायका पळत. तेजस्विनीनं दार उघडलं. शमशाद उठली, चष्मा पुसला.

"चल," ती म्हणाली. "नऊ राहतील."

मी हात धुवायला गेले.